खुराच्या आतली रक्ताची वाट

घोडा एका बोटावर चालतो, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणाला खरं वाटत नाही. पण त्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, तो असतो मनगटाचा सांधा. त्याच्याखाली उरतं ते एकच बोट, आपल्या हाताच्या मधल्या बोटाशी जुळणारं. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. बाकीची बोटं साडेपाच कोटी वर्षांच्या उत्क्रांतीत आखडत गेली. चारशे किलोंचं जनावर अशा चार नखांवर उभं राहतं, दौडतं, ओहोळ ओलांडतं आणि लग्नसराईत कळवणच्या रस्त्यावर वाजंत्र्यांच्या ठेक्यावर मागच्या दोनच नखांवर उभं राहून नाचूनही दाखवतं. एवढा भार नख पेलतं कसं? त्याचं उत्तर खुराच्या आत, रक्तवाहिन्यांच्या एका दाट जाळ्यापाशी सापडतं. आणि हे जाळं जिवंत, चार पायांवर उभ्या असलेल्या घोड्यात डोळ्यांनी पाहता येतं.

आमच्या कळवणला टापांचा आवाज नवा नाही. तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग उभी आहे. सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, एकामागून एक काळ्या कातळाचे गड. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगल फौजेला याच रांगेतल्या कांचनबारीपाशी उघड्या मैदानात मात दिली. १६७२ मध्ये शेजारच्या बागलाणात साल्हेरची लढाई झाली. त्या विजयात सहा हजार घोडे हाती लागल्याचं सभासदाची बखर सांगते. या घोड्यांच्या पायाखाली आपला सह्याद्रीचा दगड होता, इतका कठीण की त्यावर लोखंडी नालसुद्धा घासून पातळ होते.

आज कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळ्यात, घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालताना. हौशी मंडळी दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेला जातात. तिथे घोडा पारखणारी माणसं पाहण्यासारखी असतात. मानेवरचा देवमण कुठे आहे, भोवरे शुभ आहेत का, कानांची टोकं जुळतात का, दात किती झालेत, रेवाल चाल कशी आहे, सगळं बारकाईने बघतात. चारही खुरं उचलून तळवा निरखणारं गिऱ्हाईक मात्र क्वचित दिसतं. माझ्या मते पारख तिथूनच सुरू व्हायला हवी.

नालबंद काम करत असताना थोडा वेळ शेजारी उभं राहून बघावं. तो घोडीचा पाय उचलून स्वतःच्या मांड्यांत धरतो, जुनी नाल काढतो आणि वाकड्या सुरीने तळव्याचे पापुद्रे सोलायला लागतो. पिवळट-करडे, चिवट तुकडे खाली पडतात. घोडी शांत उभी असते. रक्त नाही, वेदना नाही. मग कानशीने कड घासून तो नाल बसवतो आणि खिळे ठोकतो. खिळा खुराच्या भिंतीतून तिरपा जाऊन बाहेर निघायला हवा. तळव्याच्या कडेने एक फिकट रेघ गोल फिरते. खिळा त्या रेघेच्या बाहेरच राहिला तर सगळं ठीक. आत गेला तर जिव्हारी लागतो, घोडी उसळते आणि खिळ्यामागून रक्त येतं. मेलेलं आणि जिवंत यांच्यामधली हद्द म्हणजे ती रेघ. नालबंद ती हाताच्या अंदाजाने ओळखतो.

हद्दीच्या पलीकडे काय आहे? खुराच्या आत, त्याच्याच आकाराचं एक हाड असतं, बोटाचं शेवटचं पेर. मोठ्या घोड्यात या हाडाचा पुढचा भाग आणि खुराचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यात जेमतेम दोन सेंटिमीटरांचं, बहुधा त्याहूनही कमी अंतर असतं. घोड्याचा सगळा भार या हाडावर येतो. साहजिक वाटतं की हाड तळव्यावर टेकलेलं असेल आणि तळवा जमिनीवर. तसं नसतं. हाड खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूने साडेपाचशे ते सहाशे उभे, पातळ पडदे निघतात आणि हाडावरच्या जिवंत त्वचेतून निघालेल्या तेवढ्याच पडद्यांत शिरतात. दोन वह्यांची पानं एकाआड एक एकमेकांत घालून त्या वह्या ओढून बघा. डिंकाचा थेंबही न लावता त्या सुटत नाहीत. इथे तर प्रत्येक पानाला पुन्हा दीडशे-दोनशे सूक्ष्म पानं फुटलेली असतात. एका खुरातला हा सगळा जोड उलगडून पसरला तर सुमारे ०.८ चौरस मीटर जागा व्यापेल. मुठीएवढ्या खुरात एवढी जागा मावते. चारशे किलोंचा घोडा अशा चार जोडांत लटकलेला असतो. भाराचा साठ टक्के वाटा पुढच्या दोन पायांवर असतो आणि दौडताना एकेका क्षणी सगळं वजन एकाच खुरावर येतं.

हा जोड जिवंत आहे, म्हणून त्याला रक्त लागतं. पायाच्या मागच्या अंगाने दोन रोहिण्या खाली उतरतात, डावी आणि उजवी. दोघी त्या शेवटच्या हाडाच्या तळाकडच्या छिद्रांतून थेट हाडात शिरतात आणि हाडाच्या पोटात एकमेकींना मिळून कमान करतात. कमानीतून फाटे फुटतात आणि हाडाच्या अंगातल्या बारीक बोगद्यांतून बाहेर येऊन पडद्यांना रक्त देतात. हाडाच्या खालच्या कडेला ते पुन्हा एकमेकांना जोडले जातात आणि कडेभोवती रक्ताची एक माळ तयार होते. तळव्याला जगवते ती ही माळ. वर, जिथे केस संपून खूर सुरू होतं, तिथे दुसरं दाट जाळं आहे. खुराची भिंत तिथून घडत खाली सरकते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. घोड्याच्या पायाचं टोक नव्याने घडायला म्हणूनच वर्षभर लागतं.

हे रक्त पुन्हा वर कसं चढतं, हे तर मला सगळ्यात विलक्षण वाटतं. घोड्याच्या मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसती हाडं आणि कंडरा. शिरा दाबून रक्त वर ढकलायला आपल्याला पोटऱ्या आहेत, त्याला तिथे काही नाही. ते काम खूर स्वतः करतं. पाऊल टेकलं की तळव्याचा मधला त्रिकोणी मऊ भाग आणि टाचेच्या आतली गादी दबते, टाच किंचित फाकते आणि शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. पाऊल उचललं की नवं रक्त आत येतं. चालणाऱ्या घोड्याचं प्रत्येक पाऊल हा एक छोटा पंप आहे. एका जागी तासन्‌तास बांधून ठेवलेल्या घोड्याचे हे चार पंप मंदावतात.

आता बघण्याची गोष्ट. विल्हेल्म रॉन्टगेनने नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली, रक्त काही दिसलं नाही. कारण रक्त आणि मांस क्ष-किरणांना जवळजवळ सारखंच अडवतात. जड अणू किरण जास्त अडवतात. हाडात कॅल्शियम आहे म्हणून हाड उमटतं. रक्तवाहिनी दाखवायची तर तिच्यात काहीतरी जड भरायला हवं. हे व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेन्थाल यांनी लगेच ओळखलं. जानेवारी १८९६ मध्ये, रॉन्टगेनच्या शोधाला तीन महिनेही झाले नव्हते तोवर, त्यांनी मृतदेहाच्या हातात चुना आणि पाऱ्याचं संयुग असलेलं मिश्रण भरून त्याच्या वाहिन्यांचं चित्र घेतलं. जिवंत शरीरात असलं मिश्रण घालणं म्हणजे विषप्रयोगच झाला असता. जिवंत रक्ताला सोसवेल असा जड पदार्थ पुढे आयोडीनच्या संयुगांत मिळाला. १९२७ मध्ये लिस्बनला एगाश मोनिझने आयोडीनयुक्त द्रव वापरून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्या पडद्यावर आणल्या. आज हृदयाच्या अँजिओग्राफीला वापरतात तेही आयोडीनचंच औषध.

घोड्याच्या खुरासाठी ही युक्ती रोजच्या पशुवैद्यकीत आली ती १९९० च्या दशकात. अमेरिकेत केंटकीचे पशुवैद्य रिक रेडन यांनी उभ्या घोड्यावर करता येईल अशी पद्धत बसवली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाचे ख्रिस्तोफर पॉलिट यांनी खुरातल्या वाहिन्या आणि पडद्यांची रचना तपशिलात उलगडली. या तपासणीला व्हेनोग्राम म्हणतात, म्हणजे शिरांचं चित्र.

रोहिण्या सोडून शिरांचं चित्र का? इथे घोड्याच्या रचनेतली एक गोष्ट मदतीला येते. आपल्या पायातल्या शिरांना झडपा असतात, त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. घोड्याच्या खुरातल्या शिरांना झडपा नसतात. त्यामुळे वरून शिरेत सोडलेलं औषध उलट्या दिशेने खाली जाऊन खुरातलं सगळं जाळं भरून टाकतं.

प्रत्यक्षात ते असं होतं. घोड्याला गुंगीचं इंजेक्शन देतात, पण झोपवत नाहीत. पायाच्या नसा बधिर करतात. दुखत्या पायावर तो मग निवांत उभा राहतो. पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवतात, म्हणजे किरण तळव्याच्या पातळीतून आडवे जातात. खुराच्या वरच्या सांध्यापाशी रबराची पट्टी आवळून रक्ताची ये-जा थांबवतात. पट्टीच्या खाली शिरेत बारीक सुई जाते आणि वीस ते तीस मिलिलिटर औषध भरलं जातं. शेवटचे काही मिलिलिटर आत जात असताना मदतनीस त्या पायाचा गुडघा हलकेच पुढे ढकलतो. पायामागच्या जाड कंडरेचा ताण तेवढ्यापुरता सैल पडतो आणि पुढच्या पडद्यांमधल्या वाहिन्याही भरतात. घोड्याने टाचेवर भार तसाच ठेवला तर त्या दबलेल्या राहतात आणि निरोगी खूरही चित्रात आजारी दिसतं. मग घाई. पाऊण मिनिटाच्या आसपास सगळी चित्रं घेऊन व्हायला हवीत, कारण तेवढ्यात औषध वाहिन्यांतून पाझरून आजूबाजूला पसरतं आणि रेषा धूसर होतात. चित्र झालं की पट्टी सोडायची, सुईच्या जागी दाब द्यायचा. पट्टी सैल राहिली किंवा औषध कमी पडलं तरी चित्र फसवं येतं. म्हणून हे काम सराव असलेल्या हातांचं आहे.

निरोगी खुराच्या चित्रात काय दिसतं? हाडाच्या पोटातली कमान. तिच्यापासून कडेकडे पसरणारे फाटे. हाडाच्या पुढे, भिंतीला समांतर, पडद्यांमधल्या रक्ताचा सलग पांढरा पट्टा. वर केसांच्या कडेशी भरघोस जाळं आणि त्यातून खाली उतरणारे, केसाएवढे बारीक, एकमेकांना समांतर तंतू. मागे टाचेत शिरांची गर्दी. आणि हाडाच्या टोकाखाली ती माळ, टोक आणि तळवा यांच्यात पुरेसं अंतर राखून. बाहेरून निर्जीव शिंगासारखं दिसणाऱ्या या वस्तूत एवढं रक्त खेळतंय, हे चित्र पाहिल्यावाचून पटत नाही.

या तपासणीची खरी गरज पडते ती लॅमिनायटिस या आजारात. यात पडद्यांचा जोडच सुटायला लागतो. घोडी धान्याच्या पोत्यापर्यंत पोचली आणि तिने पोटभर गहू, मका किंवा बाजरी फस्त केली की पिठूळ अंश न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे तो आंबतो, जिवाणूंची घडी विस्कटते, विषारी घटक रक्तात मिसळतात आणि एक-दोन दिवसांत परिणाम खुरांत दिसतो. ही गोष्ट प्राचीन ग्रीकांनाही माहीत होती. त्यांनी या दुखण्याला नाव दिलं तेच सातूच्या धान्यावरून. वार अडकून किंवा गर्भाशयाला संसर्ग होऊन आजारी पडलेल्या घोडीलाही हे होतं. लठ्ठ घोड्यांत आणखी एक वाट आहे. २००७ मध्ये पॉलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तट्टांच्या रक्तातलं इन्सुलिन दीर्घकाळ वाढवून ठेवलं आणि केवळ तेवढ्याने त्यांना लॅमिनायटिस झाला. घोडी गुटगुटीत दिसावी म्हणून गूळ आणि भरडा चारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिसरी वाट सगळ्यात क्रूर. एक पाय मोडला की घोडा सगळा भार दुसऱ्यावर टाकतो. तो पाय हलत नाही, पंप चालत नाही आणि धडधाकट पायाचाच जोड तुटतो. अमेरिकेचा बार्बारो हा शर्यतीचा घोडा मे २००६ मध्ये पाय मोडून पडला. मोडलेलं हाड बरंचसं जुळत आलं, पण लॅमिनायटिसने गाठलं आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावं लागलं. ज्याचे शर्यतीतले काही विक्रम आजही मोडलेले नाहीत, तो सेक्रेटॅरिएट हा घोडाही १९८९ मध्ये याच आजाराने गेला.

जोड सुटला की वरून भार हाडाला खाली दाबतो आणि मागची कंडरा त्याचं टोक मागे-खाली ओढते. टोक तळव्याकडे वळतं. तिथेच ती रक्ताची माळ असते. ती हाड आणि तळवा यांच्यात चिरडली जाते. रक्त थांबलं की तळव्याची वाढ थांबते, तळवा पातळ होतो आणि पातळ तळव्यावर हाड आणखी रुततं. साध्या क्ष-किरण चित्रात हाड हललेलं दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. व्हेनोग्राममध्ये त्याच्या आधीच खूण मिळू शकते. पुढचा पांढरा पट्टा तुटक होतो, माळ टोकाच्या वर सरकलेली दिसते, वरच्या कडेचे सरळ तंतू वाकलेले दिसतात, कुठे औषध पोचतच नाही आणि तो भाग काळा राहतो. या काळ्या जागांवरून पशुवैद्य ठरवतो, नाल बदलून टाच उंच केली तर कंडरेचा ताण कमी होऊन भागेल की कंडरा कापावीच लागेल. काही दिवसांनी पुन्हा चित्र काढतात. काळी जागा पांढरी झाली असेल तर रक्त परतलं, आणि घोडा वाचण्याची आशा आहे.

पाहण्याची साधनं आता आणखी आहेत. सीटी स्कॅनमध्ये हेच जाळं तिन्ही बाजूंनी फिरवून बघता येतं, एमआरआयमध्ये मऊ भाग उलगडतात. पण तालुक्याच्या गावी पोचू शकेल असा आहे तो व्हेनोग्रामच, कारण त्याला लागतं एक फिरतं क्ष-किरण यंत्र, रबरी पट्टी आणि माणसांच्या सीटी स्कॅनला वापरतात तसलं औषध. आपल्याकडे पशुवैद्यकीची परंपरा जुनी आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावत होत्या त्या काळात, १८८६ मध्ये, परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथून आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांतून शिकून निघणाऱ्या तरुण डॉक्टरांनी ही तपासणी गावोगाव न्यावी असं मनापासून वाटतं. घोड्याचं आपल्यावर ऋणही आहे. आमच्या आदिवासी पाड्यांवर रानात काम करताना साप चावतो, तेव्हा दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तापासून बनतं.

चित्र काढायला कुणी येईल तेव्हा येईल, बोटांनी तपासणं आजपासून जमतं. घोडी निरोगी असताना खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटं टेकवून नाडी शोधा. ती जेमतेम लागते, नीट शोधावी लागते. खुरावर तळहात ठेवून त्याची ऊब ओळखीची करून घ्या. एखाद्या सकाळी तीच नाडी बोटाखाली ठणठण उडत असेल, खुरं गरम लागत असतील, घोडी पुढचे पाय पुढे रोवून भार मागे टाकत असेल, वळताना पाय टेकायला कचरत असेल, तर ती हट्ट करत नाही, तिचं दुखतंय. तिला चालवू नका, वरातीची सुपारी परत करा. पोतं फस्त केल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा आणि त्यांना विचारून चारही पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा. आजार उमटण्याआधीपासून पाय सलग दोन दिवस थंड ठेवले तर जोड वाचू शकतो, हे २००४ च्या प्रयोगात सिद्ध झालं आहे. बर्फाची लादी कळवणमध्ये मिळते. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.